मे महिन्यात बाग कशी भादरावी

उन्हाळ्यात फुलणाऱ्या झाडांची छाटणी नेमकी केव्हा करावी? उत्तर सोपं आहे: ती फुलायला लागली की. मुहूर्त शोधत बसू नये. रस्त्यावरच्या झाडांच्या फांद्या पाडायला माणसं आली, की त्याच दिवशी सोसायटीच्या बागेतही ‘मान्सूनपूर्व कामं’ उरकून घ्यावीत. गुलमोहराची फांदी गाडीवर पडू शकते, मग मोगऱ्याची का नाही? दोन फुटांचा असला म्हणून काय झालं!

गेल्या रविवारी आमच्या आवारात हे यशस्वीपणे पार पडलं. काळ्या पिशव्या पाच भरल्या. सगळ्यात वरच्या पिशवीत अनंताच्या कळ्या होत्या, हिरव्यागार, पीळ घातलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. तेव्हा पुढील सूचना अनुभवसिद्ध समजाव्यात.

आधी हत्यार. सिकेटर, म्हणजे एका हातात धरायची छाटणीची कात्री, वापरू नये. त्याने एकेका फांदीकडे बघावं लागतं, डोळा (जिथून नवी फूट निघते ती जागा) शोधावा लागतो, डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्यावा लागतो. एवढा वेळ कोणाला आहे? कुंपणाची लांब कात्री घ्यावी, बोथट असल्यास उत्तम. ती फांदी कापत नाही, चिरडते. साल सोलून खाली लोंबते, पाऊस लागला की फाटक्या टोकातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत येते. पुढच्या छाटणीचा खर्च वाचला. जखमा सुकायला वेळ मिळेल अशी भीती बाळगू नका. २०२५ साली पाऊस मुंबईत २६ मेलाच हजर होता.

आकार सगळ्यांना एकच, चेंडू. तगर असो, जास्वंद असो, भेदभाव नको. चेंडूच्या बाहेर पानांची दाट साल तयार होते, आत ऊन नाही की वारा नाही, तिथे पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडावरची पांढरी कीड, सुखाने नांदतात. जास्वंदीचं फूल नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येतं. दर पंधरा दिवसांनी चेंडू गुळगुळीत केला की फूट कळी धरायच्या आतच पिशवीत जाते. गणपतीला जास्वंद दादरच्या फुलबाजारातून आणावी. मिळते.

देवचाफ्याची टोकं उडवावीत. फूल तिथेच येतं.

कुंद थंडीत फुलतो, म्हणून तो ऑक्टोबरात कापावा.

बोगनवेल पाऊस संपल्यावर छाटली तर कोरड्या हवेत रंगाने पेटते, आणि रंगामुळे खाली पाकळ्यांचा कचरा होतो. तिला मे अखेरीस छाटावं. चार महिने नुसती पानं आणि काटे.

मोगऱ्याबाबत काही जुन्या वळणाची मंडळी भलताच व्याप करतात. जानेवारीच्या मध्याला पाणी तोडून जमिनीतल्या झाडाला दहा-पंधरा दिवस ताण देतात, कुंडीला आठवडाभर. महिनाअखेरीस सगळ्या काड्या निम्म्यावर आणतात, वाळक्या आणि सुतळीसारख्या बारीक बुडापासून काढतात, उरलेली पानं हाताने खुडतात. मग माती हलवून बारा इंची कुंडीला दोन ओंजळी शेणखत घालतात आणि पाणी सुरू करतात. का, तर म्हणे कळी नव्या फुटीवरच येते. एक बहार ओसरला की सुकलेल्या फुलांखालच्या पानांच्या दोन जोड्या तेवढ्या खुडायच्या, की पुन्हा कळ्या. कोण करणार एवढं? कळ्यांनी लगडलेला असताना मेमध्ये एकदाच बुडापर्यंत उतरवला, विषय संपला.

आता अनंत. मोगऱ्याचा नियम अनंताला चालत नाही, हे माळ्याला कोणी सांगत नाही आणि कमिटी कोणाला विचारत नाही. अनंताची कळी कालच्या कोवळ्या फुटीवर धरत नाही. गेल्या पावसात वाढलेल्या, थंडीत जून झालेल्या (महिना नव्हे, पक्की) फांदीच्या टोकाला ती येते. त्या टोकाने थंडी काढायची, मार्चची काहिली काढायची, मग कळी धरायची, ती आठवडेच्या आठवडे पीळ आवळून बसणार. मध्ये दोन दिवस पाणी चुकलं तर पिवळी पडून गळणार. एवढ्यातून तगलेल्या कळीवर तुम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात कात्री फिरवता! पुढे पावसात पालवी येते, भरगच्च येते, फूल एक नाही. मग ग्रुपवर मेसेज पडतो: ‘यंदा अनंतात दम नाही, काढून तिथे पेव्हर ब्लॉक टाकू या का?’ त्यावर सतरा अंगठे.

अहो, छाटणी म्हणजे दाढी नाही, वाढली की करायला! कळी नव्या फुटीवर येते की जुन्या काडीवर, एवढा एक प्रश्न आधी विचारायचा. नव्या फुटीवर येत असेल तर बहाराच्या दोन महिने आधी कापा. जुन्या काडीवर येत असेल तर बहार संपल्या संपल्या, जुलैअखेरपर्यंत, पावसाची उघडीप बघून. नव्या फांदीला पक्की व्हायला थंडीपर्यंतचा वेळ लागतो, तो द्या. माळ्याला दोष देऊ नका. ‘भैया, सब एक लेव्हल में कर दो’ हे गॅलरीतून तुम्ही ओरडलात. पाच मिनिटं खाली उतरून बघायला काय झालं होतं? कळ्या काही लपलेल्या नव्हत्या.

आता निदान एवढं करा. फाटलेली टोकं धारदार सिकेटरने साफ कापा, प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पुसा, आणि लवकर वाढावं म्हणून युरिया ओतू नका. अनंताला त्यानंतर हात लावायचा नाही. पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत नाही. फांदी गेटवर आली तरी नाही.