कोकण 2035 आणि चौदा आणे आंबा

गेला महिनाभर एक मजकूर आमच्या वाडीच्या, मुंबई मंडळाच्या आणि माझ्या माहेरच्या अशा तिन्ही ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: 2035 पर्यंत घरबसल्या नोकऱ्यांमुळे चाकरमानी गावी परततील, आंब्याच्या बागा ड्रोन आणि रोबो सांभाळतील, मासे कुठे आहेत ते संगणक सांगेल म्हणून खलाशी लागणार नाहीत, आणि म्हाताऱ्यांची काळजी मनगटावरचं घड्याळ घेईल. खाली माडांचं चित्र आणि 'येवा, कोकण आपलाच असा'. (आमच्या दापोलीकडे असं कोणी बोलत नाही, पण ते जाऊ दे.)

आमच्या ग्रुपवर तो डोंबिवलीच्या भावोजींनी टाकला. मी दापोली तालुक्यात राहते आणि मुंबईतल्या एका ऑफिसचे हिशेब घरून करते. म्हणजे त्या मजकुरातलं 2035 मी आत्ताच जगते आहे. तेव्हा भावोजी, राग मानू नका, उत्तर मलाच द्यावं लागणार.

आधी परतण्याचं. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली, तेव्हाही आता गावं भरतील असंच म्हणत होते. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये ती 16,15,069 झाली. सिंधुदुर्गातही घटच. गाडीनं माणसं आणली, आणि त्याहून जास्त नेली. मग 2020 ची टाळेबंदी आली. घरून कामाची त्याहून मोठी चाचणी कोण घेणार? पडव्यांमध्ये लॅपटॉप उघडले गेले. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, आमच्याकडचे विजेचे खांब आडवे झाले, आणि काही वाड्यांना पुढे कित्येक आठवडे दिवे नव्हते. रेंजसाठी मी छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जात होते. ते दिवस गेले. आता नेट बरं चालतं, पगार वेळेवर येतो, मासळी ताजी मिळते. घरून काम होतं, याला साक्षीदार मीच. पण तेव्हा वाडीत आलेल्यांपैकी टिकले ते ज्यांची मुलं शाळेची राहिली नव्हती.

आणि परत येऊन राहणार कुठे? आमच्या सातबाऱ्यावर आजेसासऱ्यांच्या मागे 23 नावं लागली आहेत. सामायिक जागेत एक खोली वाढवायची तर सगळ्यांची संमती हवी. त्यातले एक काका बदलापूरला असतात आणि आठ वर्षं कोणाचा फोन घेत नाहीत. नेटचा वेग कितीही वाढला तरी काकांपर्यंत काही तो पोचत नाही.

आता आंबा. इथे मजकूर लिहिणाऱ्यानं कलम फक्त पेटीतून पाहिलेलं दिसतं. हापूसला मोहोर एकदम येत नाही, दोन-तीन खेपांनी येतो. त्यामुळे एकाच फांदीवर एक फळ तयार, शेजारचं कोवळं. काढायचं ते चौदा आणे तयार झालेलं (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार, हे त्याच्या जरा आधीचं), आणि तेही देठासकट, नाहीतर चीक सांडून सालीवर डाग पडतो आणि पेटीचा भाव उतरतो. चौदा आणे कोणते हे कॅमेरा शिकेल, याबद्दल मला शंका नाही. पण तो तिथे चढणार कसा? जुनी कलमं तीस-चाळीस फुटी, उभ्या उतारावर, कातळात सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यांत. बैलगाडी गेली नाही तिथे यंत्र न्यायचं आहे. काढणीला आजही बांबूच्या टोकाला बांधलेला झेला, म्हणजे फळ झेलणारी जाळी, लागते. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्यात सुधारणा करून 'नूतन झेला' दिला आणि तो घरोघर वापरात आला, कारण तो खांद्यावर नेता येतो. ड्रोनची फवारणी वरून पडते, आणि मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे असतात आत, मोहोरात आणि खोडाच्या सालीखाली. घन लागवडीच्या ठेंगण्या झाडांवर ड्रोनचं काही जमेलही. मग आधी जुनी कलमं छाटून बुटकी करा, काही वर्षं उत्पन्नाशिवाय काढा, मग बोलू.

बागेतलं खरं स्थित्यंतर तर घडून गेलं, आणि त्यात यंत्र कुठेच नव्हतं. दिवाळीच्या आसपास नेपाळी कुटुंबं येतात, बागेतल्या खोपटात राहतात, फवारतात, राखण करतात, आंबा उतरवतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. आमचा माणूस मुंबईला गेला, त्याच्या जागी नेपाळचा आला, आणि आता नेपाळातले तरुण कतारला नि मलेशियाला निघालेत. बागायतदार रात्री जागा राहतो तो या विचारानं. रोबोचं नाव मी अजून एकाच्याही तोंडी ऐकलं नाही. बागा नासवणाऱ्या वानरांचं मात्र रोज ऐकते, आणि मजकुरात वानर हा शब्दच नाही!

मासळीचं थोडक्यात सांगते. मासा दाखवणारं यंत्र आमच्या जवळच्या हर्णै बंदरातल्या नौकांवर केव्हाच आलं आहे. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहाच्या माहितीवरून मासे मिळण्याची संभाव्य ठिकाणंही कळवते. जाळं ओढायला आणि मासळी निवडायला तरीही खलाशी लागतातच. अडचण मासा शोधण्याची नाहीच, तो उरण्याची आहे. म्हणून तर 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या उजेडानं मासे ओढून करायच्या मासेमारीवर बंदी आली. ड्रोनही आले, 2025 च्या जानेवारीत, पण बेकायदा नौका धरायला.

राहिलं घड्याळ. विंचूदंशानं आपल्याकडे किती मुलं जात होती हे जुन्या माणसांना विचारा. ते मरण कमी झालं ते डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी लक्षणं टिपली आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर चालते हे दाखवलं. गोळी स्वस्त होती. उशाशी बसणारा डॉक्टर मिळणं कठीण होतं, आणि तालुक्याच्या गावापलीकडे आजही आहे. ई-संजीवनी या फोनवरून डॉक्टर गाठायच्या सरकारी सेवेवरून सासूबाईंची रक्तदाबाची गोळी मीच बदलून घेतली, सोय चांगली आहे. पण फोन लावून दिला मी, दाब मोजला मी, आणि नवी गोळी आणायला दापोलीला गेले तीही मीच.

घड्याळही आहे त्यांच्याकडे, नणंदेनं पुण्याहून पाठवलेलं. पाखाडी, म्हणजे घराकडे येणारी दगडी पायवाट, चढताना ठोके वाढले की पुण्यात नणंदेचा फोन वाजतो. नणंद घाबरून मला फोन करते. तोवर सासूबाई वर येऊन पडवीत माझ्यासमोर बसलेल्या असतात, आणि विचारतात, "कोणाचा गं फोन?"