‘मॅनेज्ड डेटाबेस घेतला की डीबीए लागत नाही’ या दाव्याचा प्रतिवाद

रिलेशनल (टेबलांमध्ये डेटा ठेवणारा) डेटाबेस क्लाउडवरील मॅनेज्ड सेवेत, म्हणजे सर्व्हरची देखभाल पुरवठादारच करतो अशा सेवेत, हलवला की बॅकअप, बिघाड, वेग आणि अपग्रेड या चारही चिंता मिटतात, म्हणून डीबीएची (डेटाबेस सांभाळणाऱ्या तज्ज्ञाची) गरज उरत नाही, असा दावा सर्रास केला जातो. सर्व्हर उभा करणे, डिस्क बदलणे, ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच लावणे या कामांपुरता तो खरा आहे. त्यापुढे तो टिकत नाही, हे २००९ पासून चालू असलेल्या ॲमेझॉनच्या आरडीएस या मॅनेज्ड डेटाबेस सेवेवरूनही दिसते.

आधी बॅकअप. आरडीएसचे स्वयंचलित बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. त्याहून जुना डेटा लागणार असेल, तर त्याची तजवीज आधीच करावी लागते. एखाद्या ठरावीक क्षणाचा डेटा परत आणला, तर तो चालू इन्स्टन्समध्ये (डेटाबेस सर्व्हरमध्ये) येत नाही. वेगळा एंडपॉइंट (जोडणीचा पत्ता) असलेला नवा इन्स्टन्स तयार होतो आणि ॲप्लिकेशन तिकडे वळवायचे, की हवी तेवढीच टेबले उचलून आणायची, हे कोणीतरी ठरवावे लागते. इन्स्टन्स डिलीट करताना बॅकअप राखण्याचा पर्याय निवडला नसेल, तर स्वयंचलित बॅकअपही त्याच्याबरोबर जातात. हाताने घेतलेले स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाच्या प्रती) तेवढे उरतात.

दुसरा मुद्दा मल्टी-एझेडचा, म्हणजे डेटाबेसची जुळी प्रत दुसऱ्या झोनमध्ये (वेगळ्या डेटा सेंटरमध्ये) तयार ठेवण्याचा, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. दुसऱ्या झोनमधील ही राखीव प्रत (स्टँडबाय) यंत्रणेच्या बिघाडापासून वाचवते, माणसाच्या चुकीपासून नव्हे. ‘व्हेअर’ (कोणत्या ओळी, ही अट) विसरून चालवलेला ‘डिलीट’ तिथेही तितक्याच इमानाने पोहोचतो. शिवाय फेलओव्हरला, म्हणजे काम स्टँडबायकडे वळायला, साधारण ६० ते १२० सेकंद लागतात. तेवढ्यात तुटलेली कनेक्शन पुन्हा जोडण्याची सोय ॲप्लिकेशनमध्ये नसेल, तर डेटाबेस सुरू होऊनही सेवा बंदच राहू शकते.

वेगाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. इंडेक्स (डेटा पटकन शोधण्याची सूची) नसलेल्या क्वेरीसाठी मोठा इन्स्टन्स घेतल्याने बहुधा बिलच वाढते.

राहिले अपग्रेड. किरकोळ आवृत्त्या मेंटेनन्सच्या वेळेत आपोआप लागू शकतात, पण मोठी उडी तपासूनच घ्यावी लागते. मायएसक्यूएल ८.० मध्ये ‘रँक’ हा राखीव शब्द (डेटाबेसने स्वतःच्या वापरासाठी ठेवलेला) झाला, त्यामुळे त्या नावाचा कॉलम अवतरणचिन्हांविना वापरणाऱ्या क्वेरी अडतात. आणि ५.७ वरच थांबावे, तर आरडीएसवर त्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट फेब्रुवारी २०२४ अखेर संपला असून विस्तारित सपोर्टचे शुल्क वेगळे द्यावे लागते.