काका, वाट पाहायलाही आधी निदान लागतं

काका, चाईवरच्या, म्हणजे डोक्यावरचे, दाढीतले केस गोल चट्ट्यांनी जाण्याच्या आजारावरच्या माझ्या लेखावर तुम्ही रागानं लिहिलंत, पण मनापासून लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं असं: केस गेल्यानं कुणी मरत नाही, चाई चार-सहा महिन्यांत आपोआप भरून येते, पुतण्याच्या दाढीतली चाई कांद्याच्या रसानं गेली, नाहीतर बिब्बा आहेच, आणि माझ्यासारखी माणसं लोकांना घाबरवून स्टेरॉइडच्या सुईपुढे नेऊन बसवतात.

यातलं काही मला मान्य आहे. एक-दोन लहान चट्टे असतील तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात आपणहून येतात. इंजेक्शन हा आजार मुळापासून काढत नाही, केस आले तरी पुढे कधीतरी पुन्हा जाऊ शकतात, हेही खरं. पण म्हणूनच पुतण्याचे केस रसानं आले की शरीरानंच आणले, हे ना तुम्हाला सांगता येईल ना मला. कांद्याच्या रसावर बगदादच्या डॉक्टरांचा एक अभ्यास 2002 साली छापून आला होता. त्यात फायदा दिसला होता, पण रुग्ण चाळीसच्या आत. दाढीतल्या एका ठिपक्यावर कुणी कांदा लावून बघत असेल तर मी आडवी येणार नाही. बिब्बा मात्र नकोच. त्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात आणि चेहऱ्यावर काळा डाग राहतो.

आता माझा खरा मुद्दा. गोल चट्टा दिसला म्हणजे ती चाईच, हे ठरवलं कुणी? लहान मुलांच्या डोक्यात बुरशीनं, म्हणजे गजकर्णानंही अगदी तसाच चट्टा पडतो. त्याला पोटातून औषध लागतं. चाई समजून मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मलम चोळलं की तो आणखी पसरतो. काही आजारांत तर केसाचं मूळच जळून तिथं व्रण होतो. लायकेन प्लॅनोपायलॅरिस, डिस्कॉइड ल्युपस ही त्यांतली नावं. तिथं गेलेला केस पुन्हा येत नाही, म्हणून वाट बघण्यात गेलेला प्रत्येक महिना कायमचा गेला. चाईत तसं नसतं. शरीराच्याच संरक्षक पेशी केसाच्या मुळावर चालून जातात, पण मूळ मरत नाही, नुसतं निजतं. म्हणून चाईत थांबून बघणं हासुद्धा रीतसर उपचार आहे. पण तो निर्णय डोकं तपासून झाल्यावरचा.

माझ्या धाकट्या बहिणीचे केस अचानक जायला लागले. ती पॉवरलूमच्या कारखान्यात हिशेब लिहिते. नात्यातल्या सगळ्यांचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं, येतील की. डॉक्टरांनी उजेडाची भिंग टाळूला लावली आणि मलाही त्यातून बघायला दिलं. चट्ट्याच्या कडेला तुटके, आखूड केस होते, वर जाड आणि मुळाशी बारीक, उद्गारचिन्हासारखे. मग त्यांनी तिचे दोन्ही हात उलटे करून नखं पाहिली. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे होते. घरात कुणाला थायरॉइड, कोड, दमा आहे का, हे विचारलं आणि रक्त तपासायला लावलं. तिच्या थायरॉइडचा दोष त्या तपासणीत सापडला. हे सगळं सुई टोचण्याच्या आधीचं आहे, काका.

आणि केस म्हणजे नुसतं दिसणं नव्हे. तिच्या भुवया आणि पापण्या गेल्या तो एप्रिल महिना होता. सोलापूरचा पारा 42 च्या वर असताना कपाळाचा घाम सरळ डोळ्यांत उतरायचा, त्यात कारखान्यातल्या सुताचे बारीक तंतू. डोळे लाल, सारखी चोळायची. पदर डोक्यावरून घट्ट ओढून गड्ड्याच्या यात्रेला जायचं टाळणारी बाई मरत नाही, हे खरंय. पण ती जगते कशी, हे बघायला नको का?

स्टेरॉइडच्या सुईबद्दल. ट्रायॅम्सिनोलोन हे जुनं औषध आहे. ते दर चार ते सहा आठवड्यांनी चट्ट्यातच, कातडीच्या थरात थेंब-थेंब देतात. दुखतं. कधी तिथं खळगा पडतो, तो बहुधा भरून येतो. सगळं डोकं गेलेल्यांना मात्र ही सुई पुरत नाही, त्यांच्यासाठी नव्या गोळ्या आल्यात: अमेरिकेत 2022 मध्ये बॅरिसिटिनिबला आणि 2023 मध्ये 12 वर्षांपुढच्यांसाठी रिटलेसिटिनिबला मान्यता मिळाली. औषधांच्या महागाईबद्दलही तुम्ही लिहिलंत, त्याच्याशी मी सहमत आहे, आणि माझी भीती त्याहून वेगळी आहे. या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. आपल्याकडे क्षयरोग अंगात दडून असलेली माणसं पुष्कळ, म्हणून आधी क्षयरोगाची, काविळीची, रक्ताची तपासणी झालीच पाहिजे. दुसऱ्याची चिठ्ठी बघून त्या कुणी घेऊ नयेत.

तुम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावचंही उदाहरण दिलंत, तिथं पाण्यानं केस गेले म्हणून. जानेवारी 2025 मध्ये त्या तालुक्यातल्या गावांत घरंच्या घरं काही दिवसांत टकली झाली. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तो प्रकार वेगळा आणि चाई वेगळी. चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही, तिच्यासाठी वस्तरा किंवा टॉवेल वेगळा ठेवायची गरज नाही.

पुतण्याला एवढं सांगा. नवा ठिपका दिसला तर शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढायचा, म्हणजे पुढच्या महिन्यात वाढला की नाही ते कळेल. डोक्यावर, भुवईवर आला, किंवा नखं खडबडीत झाली, तर सरळ सिव्हिलला जाऊन त्वचारोगाच्या ओपीडीचा केसपेपर काढायचा. जाताना डोक्याला तेल लावायचं नाही, मेंदी नाही, आणि आधी जे काही लावलं असेल त्याची बाटली किंवा ट्यूब सोबत न्यायची. एकट्याला जायला संकोच वाटला तर इथं लिहा, मी येईन सोबत.