'हौस' म्हणणाऱ्या जुन्या सेवकांना उत्तर

सलाम.

नोकरी सांभाळून एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी, पाळक होण्यासाठीची पदवी) करायचं ठरवल्यावर ऑनलाइन सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं धर्मविद्यालय, कशी निवडली, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर 'एक जुना सेवक' या नावाने एक प्रतिक्रिया आली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी पुन्हा देते:

"ताई, लेख वाचला. कंपनीतून घरी येऊन लॅपटॉप उघडायचा आणि पाळक व्हायचं, ही सेवा नव्हे, हौस आहे. आम्ही सेमिनरीत राहिलो, मेसमध्ये भांडी घासली, थंडीत पहाटेच्या प्रार्थनेला उठलो, भांडलो, समेट केला, तेव्हा कुठे घडलो. स्क्रीन बंद करता येते, रूममेट बंद करता येत नाही. हिब्रू-ग्रीक असं शिकता येत नाही. परदेशी पदवी आपल्याकडे कोण मानणार? फीचे डॉलर मंडळीच्या (चर्चच्या) कामी आले असते. आणि मंडळीने तुम्हाला पाठवलं आहे का, हे लेखात कुठेच नाही. राग मानू नका, प्रेमाने लिहितो आहे."

राग आला, बंधू. तुमच्या मुद्द्यांचा नाही, सुराचा. सुरुवातीला 'ताई', शेवटी 'प्रेमाने', आणि मधे माझी नोकरी, माझा अभ्यास, माझी प्रार्थना या सगळ्याला मिळून एकच शब्द: हौस. हा सूर माझ्या ओळखीचा आहे. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या मीटिंगमध्ये एखाद्या बाईने हिशेबाचा कागद मागितला की हाच सूर लागतो. संडे स्कूल बायकांनी चालवावं, नाताळच्या करंज्या महिला मंडळाने कराव्यात, घरसभेत गायनाची सुरुवात त्यांनीच करून द्यावी. त्याच बाईने बायबलमधलं यशयाचं पुस्तक उघडून अभ्यासाने बोलायचं ठरवलं की ती हौस. बाई म्हणून तसं लिहिलं नाही, असं तुम्ही म्हणाल. मग सांगा, बँकेतल्या एखाद्या साहेबाने हाच लेख लिहिला असता तर तुम्ही हौस म्हणाला असतात, की 'नोकरी सांभाळून केवढी तळमळ' म्हणून पाठ थोपटली असतीत?

माझी आजी नगर जिल्ह्यात बायबलबाई होती, म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना बायबल सांगणारी. मिशनच्या शाळेत जेमतेम वाचायला-लिहायला शिकली आणि उरलेलं आयुष्य वाड्यावस्त्यांवर पायी हिंडली. पिशवीत नवा करार आणि जखमेला लावायची औषधाची बाटली. ज्या घरात पाळकसाहेबांना ओसरीच्या पुढे जाता येत नव्हतं, तिथे ही थेट चुलीपाशी जाऊन बसायची, पोराला मांडीवर घ्यायची आणि बोलायला लागायची. तिला कोणी सेमिनरीत पाठवलं नाही. तिच्या मंडळीच्या शताब्दीची पुस्तिका माझ्याकडे आहे. तीत झाडून सगळ्या पाळकांचे फोटो आहेत, आजीचं नाव एकाही पानावर नाही. तिची चाळीसएक वर्षंही हौसच होती का?

वडील गिरणीत होते. 1982 च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. मग वागळे इस्टेटमध्ये वॉचमनची नोकरी आणि आम्ही ठाणेकर झालो. बी.एस्सी. झाल्यावर सेमिनरीत जायचं माझ्या मनात होतं, पाळकसाहेबांशी बोलणंही झालं होतं. पण घरात येणारा दुसरा पगार माझाच असणार होता. रबाळेच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागले, ती आजही त्याच खात्यात आहे. पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, तेव्हाही होतं. फक्त चार वर्षं पगाराशिवाय वसतिगृहात राहण्याची ऐपत नव्हती. ज्याला ती होती त्याने देवाचे आभार मानावेत. ज्याला नव्हती त्याला हौशी म्हणू नये, एवढीच माझी अपेक्षा.

तुम्हाला सेमिनरीचा अभिमान आहे, म्हणून ज्या सिरामपूरच्या पदव्या आपल्याकडच्या बऱ्याच सेमिनऱ्या देतात, त्याच घरातलं उदाहरण देते. मिशनरी विल्यम केरी आधी इंग्लंडमध्ये जोडे शिवायचा आणि काम करता करता ग्रीक, हिब्रू, लॅटिन शिकला. त्याच्या वाट्याला कुठली सेमिनरी आली नाही. बंगालमध्ये आल्यावर 1794 पासून काही वर्षं तो मुदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक होता आणि त्याच काळात बंगाली भाषांतर करत होता. पुढे 1801 पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायची नोकरी केली आणि तो पगार मिशनच्या कामाला लावला. आपल्या मराठीचं व्याकरण त्याने 1805 मध्ये छापलं, कोश 1810 मध्ये, आणि सिरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार 1811 मध्ये आला. त्याने सहकाऱ्यांबरोबर काढलेलं सिरामपूर कॉलेज 1818 चं. म्हणजे ज्या दारातून तुम्ही मला बाहेर उभं करता, ते दार बसवणारा माणूस जन्मभर दुसरी नोकरी करत शिकला. बायबलमधल्या प्रेषित पौलाचं तर सांगायलाच नको, करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तो राहुट्या करत होता.

आणि आपली पंडिता रमाबाई. केडगावला दुष्काळातून आणलेल्या मुलीबाळींचं खाणंपिणं, आजारपणं, शाळा, शेती, छापखाना हे सगळं चालवत हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. मी स्वतःला त्यांच्या पंक्तीला बसवत नाही, तसा अर्थ कृपा करून काढू नका. पण 'हिब्रू-ग्रीक असं शिकता येत नाही' हे वाक्य मराठी ख्रिस्ती माणसाने लिहावं, याचं मला वाईट वाटलं.

घर न सोडता धर्मज्ञान शिकणं हे झूमबरोबर आलेलं फॅड आहे, असाही तुमचा समज दिसतो. 1963 मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने हा प्रयोग सुरू केला, कारण खेड्यातल्या मंडळ्या ज्यांच्या जिवावर चालत होत्या ती प्रौढ, संसारी, शेतीवाडीची माणसं राजधानीत येऊन राहू शकत नव्हती, आणि जी तरुण मुलं येऊन शिकत होती त्यातली बरीच शहरातल्या नोकऱ्यांना लागत होती. मग शिक्षकच पुस्तकं घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. आपल्याकडे बंगळुरूला टॅफ्टी ही घरबसल्या धर्मशिक्षण देणारी संस्था 1971 मध्ये याच विचारातून उभी राहिली. तेव्हा ना लॅपटॉप होते ना स्क्रीन. होती ती घरी करायची वर्कबुकं आणि आठवड्याची गटाची बैठक. ती वर्कबुकं सोडवून मंडळ्या सांभाळणारी माणसं मी पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली असतील.

आता 'घडणं'. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत हेच एक वाक्य वजनाचं आहे, म्हणून त्याला उत्तर देते. माझ्या अभ्यासक्रमात देखरेखीखालची सेवा सक्तीची आहे आणि ती मी राहते तिथेच करायची आहे. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये डायलिसिसला येणाऱ्यांपाशी मी बसते. एका भेटीवर घरी येऊन व्हर्बेटिम लिहायचं. म्हणजे ते काय म्हणाले, मी काय म्हणाले, शब्दाला शब्द, जितकं आठवेल तितकं. शेजारच्या रकान्यात त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं ते. एक आजोबा मशीनवर असताना म्हणाले, "पोरी, आता बस झालं." मी लगेच म्हणाले, "आपण प्रार्थना करू या का?" हे मी जसंच्या तसं लिहिलं, कारण लिहायचंच असतं. पुढच्या ऑनलाइन वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी ती ओळ स्क्रीनवर आणली आणि विचारलं, "प्रार्थना त्यांना हवी होती की तुम्हाला?" गटात नैरोबीची एक नर्स आहे, शिकागोचा एक बसचालक आहे. कोणी काही बोललं नाही, सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. बंधू, ती खिडकी मला एका बटणाने बंद करता आली असती. केली नाही. पुढच्या भेटीत मी त्या आजोबांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले आणि 'बस झालं म्हणजे काय आजोबा' एवढंच विचारलं. मशीनची फेरी संपेपर्यंत ते बोलत होते. मुलगा, सून, विकलेली जागा, सगळं. मेसमधली भांडी घासून हे शिकता येतं का, मला माहीत नाही. मला हे असं शिकवलं गेलं आणि हे घडणंच आहे.

एक गोष्ट मान्य करते, कारण ती खरी आहे. ग्रंथालय. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या ग्रंथालयात मी पाहुणी म्हणून काही तास बसले होते. तिथे कपाटासमोर उभं राहून हाताला लागेल ते पुस्तक उघडण्यात जे सुख आहे, ते ई-बुकात नाही. शोधलेलं सापडतं, न शोधलेलं सापडत नाही. ऑनलाइन शिकणाऱ्याचं हे नुकसान आहे, आणि निवासी विद्यार्थ्यांनी त्या कपाटांचा पुरेपूर फायदा घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

हिब्रूबद्दल थोडं. वर्ग अमेरिकेत संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला आणि थंडीत साडेपाचला. तुमच्या थंडीतल्या प्रार्थनेचा मला आदर आहे, पण पहाट तुमची एकट्याची नाही. वर्ग संपला की डबे भरायचे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची. नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर गाडी लागली की खिडकीपाशी जागा मिळेलच असं नाही, पण उभ्यानेही कार्ड उलटता येतात. काताल, कातेला, कातालता: एकाच हिब्रू क्रियापदाची 'तो', 'ती' आणि (पुरुषाला उद्देशून) 'तू' यांसाठीची रूपं. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या वर्गमित्रांना क्रियापद बाईसाठी वेगळं आणि पुरुषासाठी वेगळं का, हे पचायला वेळ लागला. 'तू गेलास, तू गेलीस' बोलत वाढलेल्या मला नाही लागला. परीक्षा पास झाले, विषय संपला.

पदवी कोण मानणार, हा प्रश्न मला विचारण्याआधी मागचा लेख नीट वाचायचा होता. अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्सची मान्यता असलेलीच सेमिनरी मी घेतली. त्यांच्या मानकांप्रमाणे एम.डिव्ह. किमान 72 क्रेडिट्सची असते. पूर्वी काही भाग तिथे राहून करणं बंधनकारक होतं, 2020 च्या नव्या मानकांपासून संपूर्ण ऑनलाइनचा मार्ग मोकळा झाला. भारतातल्या एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेले पर्यायही मी पाहिले होते, पण त्यातले वर्ग माझ्या शिफ्टमध्ये येत होते. पैसे भरून घरपोच 'डॉक्टर' करून देणारी दुकानंही इंटरनेटवर आहेत. त्यांच्या पदव्या नावापुढे लावून व्यासपीठावर बसणाऱ्यांना तुम्ही कधी हौशी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पाळकपदाची दीक्षा द्यायची की नाही हे बिशपसाहेब ठरवतील, मी किंवा तुम्ही नाही. सिरामपूरची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) हवी असा नियम पुढे आला तर तेव्हा त्याचं बघू.

फीबद्दल एकच वाक्य: तो माझा पगार आहे आणि माझा दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) मंडळीला दर महिन्याला जातो, पावत्या आहेत.

मंडळीने पाठवलं आहे का, या प्रश्नाचं उत्तर मी इथे देणार नाही. तो माझ्या मंडळीचा आणि माझा विषय आहे. ज्याने स्वतःचं नावही लिहिलेलं नाही त्याला मी माझ्या मंडळीचा कारभार का सांगावा?

उलट मलाच तुम्हाला एक विचारायचं आहे. तुमच्याबरोबर ज्यांनी भांडी घासली, ज्यांच्याशी तुम्ही भांडलात आणि समेट केलात, त्या वर्गातले किती जण आज खेड्यातल्या मंडळीत आहेत? किती जण पुण्या-मुंबईत संस्थांच्या ऑफिसात आहेत, किती परदेशात स्थायिक झाले? खरी माहिती लिहा, मी एक अक्षर न बदलता छापेन. फक्त पुढच्या वेळी खाली नाव घाला, आणि 'ताई' म्हणायचं असेल तर पुढचं वाक्यही ताईला बोलावं तसं लिहा.