‘मुलाला कळणारसुद्धा नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या महिनाभरात हा मेसेज मला पाच ठिकाणांहून आला. एकदा मुलीच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, एकदा गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवर आणि बाकी गिऱ्हाइकांकडून, “भाऊ, हे ॲप एवढं फोनमध्ये टाकून द्या की” म्हणत. सांगलीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ज्यांनी तो मेसेज वाचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा मतलब एवढाच: पालकांनो जागे व्हा, गूगलचं फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर देखरेख ठेवायचं ॲप) बिनकामाचं आहे, ते चॅट दाखवत नाही. खालच्या लिंकवरून हे ॲप मुलाच्या फोनमध्ये टाका. आयकॉन दिसत नाही, मुलाला कळत नाही. व्हॉट्सॲप, इन्स्टा, फोटो, सगळं तुमच्या फोनवर. शंभर टक्के मोफत, शंभर टक्के सुरक्षित, आणि आईबापांना कायद्याने पूर्ण हक्क आहे.

मोफतपासून सुरू करतो, कारण लोक तिथेच भुलतात. पोराचे फोटो, मेसेज, चोवीस तासांचं लोकेशन हे सगळं कुठल्यातरी सर्व्हरवर साठवावं लागतं आणि त्याचं भाडं दर महिन्याला कुणीतरी भरत असतं. तुम्ही भरत नसाल तर दुसरं कुणीतरी भरतं, आणि ते फुकट भरत नाही. लाइफ३६० हे घरच्यांचं लोकेशन दाखवणारं ॲप चांगलं नावाजलेलं, त्याचा मोफत प्लॅनही आहे. ही कंपनी कुटुंबांच्या लोकेशनची माहिती डेटा दलालांना विकत होती, असं डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालं. पुढे कंपनीने नेमक्या लोकेशनची विक्री बहुतांशी बंद करत असल्याचं जाहीर केलं. ही नाव-पत्ता असलेल्या कंपनीची गोष्ट. मेसेजमधल्या लिंकवाल्याला ना नाव, ना पत्ता.

आता ‘शंभर टक्के सुरक्षित’. २०१८ मध्ये फॅमिली ऑर्बिट नावाच्या, पालकांसाठीच बनवलेल्या ॲपमधून मुलांचे तब्बल २८१ जीबी फोटो-व्हिडिओ उघड्यावर पडले. त्याच वर्षी टीनसेफ या ॲपचा सर्व्हर बिनपासवर्डचा सापडला. त्यात मुलांचे ॲपल आयडी आणि पासवर्ड जसेच्या तसे वाचता येत होते. हे ॲप चालावं म्हणून पालकांना दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर मागतात तो कोड) आधीच बंद करायला लावलेली, म्हणजे कुलूपही गेलं आणि कडीही. लेटमीस्पाय हे पोलंडचं ॲप जून २०२३ मध्ये हॅक झालं आणि दोन महिन्यांत बंद पडलं. ज्यांच्या फोनमधली माहिती गेली ती गेलीच.

आणि हे झालं दूरच्या सर्व्हरचं. खरी भीती हातातल्या फोनची आहे. हे ॲप टाकताना काय काय करायला सांगतात ते बघा. आधी प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप पकडणारी गूगलची तपासणी, बंद करा. मग बाहेरून आलेली एपीके, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय ॲप टाकायची फाइल, टाकायची परवानगी द्या. मग नोटिफिकेशन वाचायची, आणि शेवटी ॲक्सेसिबिलिटीची. ही शेवटची सोय ज्यांना नीट दिसत नाही किंवा हात चालत नाहीत त्यांच्यासाठी केलेली आहे. तिच्या जोरावर ॲप पडद्यावरची अक्षरं वाचू शकतं, वर स्वतः बटणंही दाबू शकतं. लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिक चलन म्हणून जी एपीके व्हॉट्सॲपवर येते आणि खातं रिकामं करते, तिलाही असल्याच परवानग्या हव्या असतात. त्या पत्रिकेला घाबरणारी माणसं मुलाच्या नावाने तेच सगळं आपल्या हाताने देतात.

त्यात आपल्याकडे ‘मुलाचा फोन’ म्हणजे बहुतेकदा आईचा जुना हँडसेट. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन तासांसाठी दिला तो परत आलाच नाही. सिम आईच्या नावावर आणि कितीतरी घरांत बँकेला जोडलेला नंबरही तोच. मी गिऱ्हाइकाला सरळ विचारतो, “ह्या नंबरवर ओटीपी येतो का?” निम्मे जण तिथेच गप्प होतात.

‘मुलाला कळत नाही’ हे वाक्य वाचून मला हसू येतं. नववीतला एक मुलगा दुकानात आला, फोन गरम होतो, बॅटरी दुपारीच संपते म्हणून. ॲपच्या यादीत ‘सिस्टिम सर्व्हिस’ अशा नावाचं एक ॲप बसलेलं, डेटा खात. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “काका, ते पप्पांनी टाकलंय. काढू नका, त्यांना कळेल. बॅटरीचं तेवढं बघा.” गप्पा तो मित्राच्या फोनवरून मारत होता. पप्पांना रोज रात्री अभ्यासाच्या ग्रुपवरचे मेसेज दिसत होते आणि ते खूष होते.

हे लपून बसणारं ॲप व्हॉट्सॲपच्या लिंकवरच का मिळतं, प्ले स्टोअरवर का नाही? पालकांच्या देखरेखीची ॲप्स गूगल चालू देतं, पण त्यांनी लपायचं नाही आणि फोनवर सतत नोटिफिकेशन दाखवायचं, असा प्ले स्टोअरचा नियम आहे. ‘आयकॉन दिसत नाही’ ही ज्याची जाहिरात, त्याला त्या दारातून प्रवेशच नाही.

फॅमिली लिंक चॅट दाखवत नाही, हे मात्र मेसेजवाल्याने खरं सांगितलंय. बिनकामाचं म्हणणं चूक. तुमच्या मंजुरीशिवाय नवीन ॲप उतरत नाही, कुठल्या ॲपला किती मिनिटं ते ठरवता येतं, रात्री ठरल्या वेळी फोन लॉक होतो, लोकेशन दिसतं, आणि खर्च शून्य. मुलाचा फोन अँड्रॉइड हवा, तुमचा आयफोन असला तरी चालतो. मुलाकडेच आयफोन असेल तर स्क्रीन टाइम ही सोय २०१८ पासून फोनमध्येच आहे, वेगळं काही टाकायला नको. या दोन्हींची कमजोरी एकच, घरचा पासवर्ड. तो बऱ्याच घरांत मुलानेच बनवून दिलेला असतो!

अश्लील साइट एवढीच काळजी असेल तर त्यालाही ॲप लागत नाही. अँड्रॉइड ९ किंवा पुढचा फोन असेल तर सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा आणि तिथे ‘family.cloudflare-dns.com’ लिहा, म्हणजे असल्या साइट अडतात. दोन मिनिटांचं काम. व्हीपीएन (अशी अडवणूक चुकवून साइट उघडणारं ॲप) टाकणारं किंवा ते सेटिंग उलटं फिरवणारं पोर ह्याला पुरून उरेल, पण चौथी-पाचवीच्या मुलाला हे भरपूर झालं.

राहिला चॅटचा प्रश्न. व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६ पासून एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंत कुलूपबंद असतात. मध्येच पकडून वाचता येत नाहीत, म्हणून तर ह्या ॲपला पडदा वाचावा लागतो. ‘फक्त नंबर टाका, चॅट बघा’ वाली साइट म्हणजे निव्वळ फसवणूक, तिच्यावर वेळ घालवत नाही. इन्स्टाग्रामने मुलांसाठीची वेगळी खाती भारतात २०२५ मध्ये आणली. तिथली देखरेख चालू केली की मुलाने गेल्या सात दिवसांत कुणाकुणाला मेसेज केले ते पालकांना दिसतं, काय लिहिलं ते नाही. मला विचाराल तर एवढं पुरे. अनोळखी काका रात्री अकराला वारंवार दिसले तर मजकूर वाचायची गरज नाही, मुलीशेजारी जाऊन बसायची आहे.

कायद्याचं म्हणाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती घ्यायला कंपनीला पालकांची खात्रीशीर संमती लागते, आणि मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. पण दंड वसूल करायला कंपनी सापडावी लागते.

आणि एक गोष्ट काउंटरवर बसून कळलेली. ‘मुलासाठी’ म्हणून हे ॲप मागणाऱ्यांतले काही जण जो फोन पुढे करतात त्याच्या वॉलपेपरवर बायकोचा फोटो असतो. सज्ञान माणसाच्या फोनमध्ये त्याच्या नकळत हे टाकणं म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी फोन परत देतो.

ज्यांनी आधीच टाकलंय त्यांनी सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन या दोन याद्या उघडाव्यात, अनोळखी नाव असेल तिथली परवानगी काढावी आणि मग ॲप काढावं. प्ले प्रोटेक्ट पुन्हा चालू करा. पैसे गेले असतील तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आणि बँकेचे, जीमेलचे पासवर्ड बदलाल तेव्हा ते त्याच फोनवरून बदलू नका, दुसऱ्या फोनवरून बदला.