सगळ्या वजाबाक्या शून्य
छोटासा कॅल्क्युलेटर लिहायचा होता, बेरीज-वजाबाकी, बस. बायसन (भाषेचे नियम दिले की ते वाचणारा प्रोग्रॅम बनवून देणारं टूल) घेतलं, ग्रामर म्हणजे ते नियम लिहिले, ७ वजा २ टाकलं, ५ आले. शहाण्या माणसाने इथेच लॅपटॉप मिटला असता. पण मला हौस फार, वजाबाकीचा नियम नेमका कधी लागतोय ते स्क्रीनवर दिसलं पाहिजे म्हणे, म्हणून नियमाच्या मधोमध, वजा चिन्हाच्या अलीकडे, महिरपी कंसात एक गरीब बिचारा प्रिंट टाकला. ७ वजा २, शून्य. ९ वजा ४, शून्य. १०० वजा १, तरी शून्य. बेरीज मात्र ठणठणीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बायसनमध्ये (आणि त्याच्या आधी बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सननी लिहिलेल्या याक या तशाच टूलमध्येपण) नियमाच्या उजवीकडचे घटक (इथे पहिली संख्या, वजा चिन्ह, दुसरी संख्या) म्हणजे डॉलर एक, डॉलर दोन, डॉलर तीन, आणि नियमाची स्वतःची व्हॅल्यू ती डॉलर-डॉलर. सगळ्या व्हॅल्यू स्टॅकवर उतरंडीसारख्या रचलेल्या, नियम पुरा झाला की त्याची मडकी उचलायची, त्या जागी एकच डॉलर-डॉलर ठेवायचं, आणि तेच मग वरच्या नियमाचं डॉलर एक किंवा तीन म्हणून मिरवतं. एवढे डॉलर, आणि माझ्या हातात शून्य.

दोन तास लेक्सरला, म्हणजे टाइप केलेल्याचे संख्या आणि चिन्हं असे तुकडे करून देणाऱ्या भागाला, शिव्या घातल्या. ७ वजा २ खरंच ५ होतात ना, हेही एकदा बोटांवर मोजून झालं. मग कळलं की मध्ये टाकलेली अॅक्शन (महिरपी कंसातला कोड) हीसुद्धा घटक धरली जाते, रांगेत घुसून स्वतःचा नंबर घेते. म्हणजे डॉलर दोन झाला माझा प्रिंट, डॉलर तीन झालं वजा चिन्ह, आणि २ बिचारे ढकलले गेले डॉलर चारवर, मी आपला अजून डॉलर एक वजा डॉलर तीन करतोय! बरं, वजा चिन्हाला कसली आलीय व्हॅल्यू? तर लेक्सरने ते चिन्ह देताना वायवायएलव्हॅलला (तुकड्याची व्हॅल्यू ठेवायचं व्हेरिएबल) हातच लावला नव्हता, तिथे आधीचे शिळे ७ तसेच पडून होते. ७ वजा ७, शून्य. म्हणजे गणित अगदी बरोबर!

जिवाला लागलं ते वेगळंच. टाइप नीट सांगितले असते तर डॉलर तीनला टाइपच नाही म्हणून बायसननेच मला दारात अडवलं असतं, पण युनियन (व्हॅल्यूंचे वेगवेगळे टाइप मांडायची जागा) लिहायचा कंटाळा, सगळं आपलं इंट, म्हणजे पूर्णांक.

२.५ व्हर्जनपासून डॉलरला नंबराऐवजी नाव लावता येतं, तेव्हा आता डावा आणि उजवा अशी नावं दिलीयत. प्रिंट अजून तिथेच आहे, काढायला हात धजत नाही.