हायकोर्टाची इमारत, टिळकांचा खटला आणि एक विषारी मेसेज

‘मुंबई हायकोर्टाचे काळे सत्य, जे शाळेत शिकवत नाहीत’ अशा मथळ्याचा मेसेज सध्या फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ही इमारत जर्मनीतल्या एका किल्ल्याची हुबेहूब नक्कल आहे, इंग्रजांनी तिच्यावर कोट्यवधी उधळले, एका पारशी कंत्राटदाराने सूड म्हणून तिथे माकड न्यायाधीश कोरला, १८६२पासून याच भिंतींआड अन्याय झाला, आणि १९०८ साली पारशी न्यायाधीश व ‘संपूर्ण हिंदी’ (म्हणजे भारतीय) ज्यूरीने लोकमान्य टिळकांना अंदमानला धाडलं. शेवटी ‘घरभेदी ओळखा’ आणि जोडलेले हात. असलं काही मी एरवी वाचून सोडून देते. पण माझ्या भाच्याने हे १ ऑगस्टच्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतलं, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

सगळ्यात आधी ज्यूरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणारे पंच, कारण खोटेपणाचा कळस तिथे आहे. टिळकांच्या खटल्यात नऊ ज्यूरर होते: सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. दोषी म्हणणारे ते सात गोरे आणि निर्दोष म्हणणारे ते दोन पारशी! म्हणजे मेसेज ज्यांना घरभेदी म्हणतो, त्या समाजाचे त्या बाकावर बसलेले दोघेही टिळकांच्या बाजूने उभे राहिले. हे कुठल्या तळघरात दडवलेलं गुपित नाही. खटल्याचा सविस्तर अहवाल न. चिं. केळकरांनी तेव्हाच छापून प्रसिद्ध केला होता. ज्यांना टिळकांचा एवढा पुळका आहे, त्यांनी निदान टिळकांच्या माणसाने छापलेलं तरी वाचावं.

खरा अन्याय काय होता, ते या मेसेजमध्ये नावालाही नाही. खटला ‘केसरी’तल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या मराठी लेखांवर होता, आणि ज्यूरीत बहुमत होतं मराठीचा गंध नसलेल्या गोऱ्यांचं. सरकारी भाषांतरावर विसंबून त्यांनी माणसाला राजद्रोही ठरवलं. टिळक स्वतःची बाजू मांडायला उभे राहिले आणि एकवीस तासांहून जास्त बोलले. भाषणातच घालायचं तर हे घाला ना!

आता न्यायाधीश. दिनशा दावर पारशी होते, हे खरं. टिळकांसाठी बॅरिस्टर जीनांनी केलेला जामीन अर्ज त्यांनी फेटाळला, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड ठोठावला, वर शिक्षा सुनावताना टिळकांच्या लिखाणाबद्दल जे बोलले ते वाचून आजही डोकं तापतं. त्यांची बाजू मला घ्यायची नाही. पण १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर हेच दावर होते आणि तो जामीन मंजूर केला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. या हिशेबात कुठला समाज घरभेदी ठरतो, ते मेसेज लिहिणाऱ्यानेच सांगावं.

आणि अंदमान? शिक्षा काळ्या पाण्याची असली, तरी टिळक होते ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात. ‘गीतारहस्य’ कुठे लिहिलं गेलं, हे मराठी पोरांना सांगावं लागावं!

माकडाचं कोरीवकाम इमारतीत आहे: एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू. एवढं मान्य. खटला हरलेल्या पारशी कंत्राटदाराची गोष्टही जुनीच आहे, वकील मंडळी पाहुण्यांना ती चवीने सांगतात. पण मेसेजमध्ये ना त्या कंत्राटदाराचं नाव, ना खटल्याचं साल. गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी-मनोऱ्यांच्या जुन्या युरोपीय शैलीतल्या, इमारतींवर चित्रविचित्र प्राणी कोरण्याची रीतच होती. सीएसएमटीला जाऊन मान वर करून बघा, अख्खं प्राणिसंग्रहालय भेटेल. ऐकीव गोष्ट गंमत म्हणून सांगा, पुरावा म्हणून नको.

किल्ल्याचं म्हणाल तर ते टोकदार मनोरे लांबून किल्ल्यासारखे दिसतात खरे. पण कुठला किल्ला, कुठल्या गावचा, याचा मेसेजमध्ये पत्ता नाही. आराखडा कर्नल जेम्स फुलर या लष्करी इंजिनिअरचा आणि शैली इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या गॉथिकची. मुंबईच्या कोटाची, म्हणजे आजच्या फोर्ट भागाची, तटबंदी पाडल्यावर मोकळ्या झालेल्या पट्ट्यात ज्या सरकारी इमारती ओळीने उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक.

कोट्यवधींची उधळपट्टी तर निव्वळ थाप. हायकोर्टाच्या स्वतःच्या इतिहासात आकडे दिलेत: मंजूर अंदाज १६,४७,१९६ रुपये, प्रत्यक्ष खर्च १६,४४,५२८. म्हणजे २,६६८ रुपये उरले. आजच्या एखाद्या सरकारी कंत्राटात असं झालं तर चौकशी बसेल.

राहिलं १८६२. कोर्ट त्या वर्षी सुरू झालं हे बरोबर, पण ते भरायचं अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतीत. या इमारतीचं काम एप्रिल १८७१मध्ये सुरू झालं, नोव्हेंबर १८७८मध्ये संपलं आणि पहिलं कामकाज जानेवारी १८७९मध्ये झालं. ज्या भिंती उभ्याच नव्हत्या, त्यांच्याआड सोळा वर्षं अन्याय कसा चालला, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.